वॉटर पंप (मोटारगाडीचा)

वॉटर पंप : इंजिन आणि रेडिएटर यांच्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारा द्रव, फिरता ठेवणारा अपकेंद्री पंप. मुंबईच्या गॅरेजांत त्याला नुसते ‘पंप’ किंवा ‘पाण्याचा पंप’ म्हणतात. नावात पाणी असले तरी आत निव्वळ पाणी असणे हेच त्याच्या बऱ्याचशा दुखण्यांचे मूळ आहे.

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटला वाहून न्यावा लागतो. सुरुवातीच्या काही गाड्यांत हे काम पंपाशिवाय चाले. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि रेडिएटरमध्ये निवून खाली येई. इंजिनांची ताकद वाढली तशी ही संथ फेरी अपुरी पडू लागली.

पंपाचे कवच बिडाचे किंवा ॲल्युमिनियमचे असते. बाहेर इंजिनाच्या बेल्टवर फिरणारी पुली, आत पात्यांचे चाक म्हणजे इंपेलर, दोघांना जोडणारा दांडा आणि तो पेलणारे बेअरिंग. इंपेलर धातूचा किंवा प्लास्टिकचा असतो. प्लास्टिकचा कधीकधी तडकतो किंवा दांड्यावर सैल होतो. मग बाहेर थेंबही गळत नाही, पुली फिरताना दिसते आणि गाडी तरीही तापते. नाजूक भाग मात्र सील, म्हणजे दांड्याच्या बाजूने कूलंट बाहेर येऊ न देणारा भाग. कार्बनची कडी सिरॅमिकसारख्या कठीण कडीवर घासत फिरते आणि त्या दोहोंमध्ये कूलंटचाच अतिपातळ थर वंगणाचे काम करतो. म्हणजे सीलचे आयुष्य त्या द्रवाच्या गुणावर ठरते. गंजाचे कण, क्षारांची पुटे किंवा कोरडे फिरणे, यांपैकी काहीही झाले की कड्यांवर ओरखडे उठतात.

सील आणि बेअरिंग यांच्या मध्ये कवचाला एक बारीक भोक ठेवलेले असते. सीलमधून झिरपलेला थेंब बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावा, हा त्याचा उद्देश. भोकाभोवती वाळलेला पुसटसा डाग असणे स्वाभाविक आहे. ओल किंवा ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरले. गळती थांबवायची म्हणून हे भोक लांबी (पुट्टी) भरून बुजवणारेही भेटतात. मग पाणी बेअरिंगमध्ये उतरते, घरघर सुरू होते आणि शेवटी पुली डुगडुगून बेल्टच तुटतो. बेल्ट गरजेपेक्षा घट्ट ताणल्यानेही बेअरिंग असेच लवकर जाते.

इंजिनावर चालणाऱ्या पंपाचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो, आणि मुंबईत निदान करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत गाडी उभी असते तेव्हा पंप हळू फिरतो, समोरून वाराही नसतो. सगळी भिस्त रेडिएटरच्या विजेच्या पंख्यावर. म्हणून तापमानाचा काटा फक्त कोंडीत चढत असेल आणि गाडी पळू लागताच उतरत असेल, तर आधी पंखा, त्याचा रिले (विजेचा स्विच) आणि फ्यूज पाहावा. उलट खोपोलीहून बोरघाट चढताना किंवा मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा चढला, तर पंप, थर्मोस्टॅट (कूलंट पुरेसे तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा चोंदलेला रेडिएटर यांच्यावर संशय घ्यावा. अनेक मेकॅनिक पंखा न तपासताच पंप बदलायला सांगतात, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात टॅक्सीच्या डिकीत पाण्याचा डबा असणे आणि स्टँडवर बॉनेट उघडे दिसणे नेहमीचेच होते. थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची सवयही जुनीच. त्याने इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त जाते आणि मूळ दोष तसाच राहतो. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, पण नळाचे पाणी ओतायची सवय गेली नाही. तलावांतून येणारे पालिकेचे पाणी त्यातल्या त्यात सौम्य. टँकरचे किंवा समुद्राजवळच्या बोअरवेलचे पाणी खारट निघाले, तर त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. ‘इथे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. मुंबईचे नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, २२ जानेवारी १९६२चे. गोठण्याची भीती इथे नाहीच. कूलंट हवे ते गंज रोखण्यासाठी, सील ओले ठेवण्यासाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी. ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य रसायन) आणि क्षारविरहित पाणी यांचे निम्मेनिम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते; रेडिएटरच्या झाकणाच्या दाबाखाली ते त्याहून बरेच वर टिकते. कूलंटच्या रंगावर विसंबू नये. वेगवेगळ्या रसायनांची कूलंटे मिसळली तर कधीकधी गाळ धरतो.

पंप बदलण्याची मेहनत त्याच्या जागेवर अवलंबून असते. बाहेरच्या बेल्टवर चालणारा पंप तुलनेने सोपा. टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या आतल्या बेल्टवर) चालणाऱ्यासाठी इंजिनाची एक बाजू उघडावीच लागते, म्हणून बेल्ट बदलायची वेळ आली की पंपही त्याच खेपेला बदलणे शहाणपणाचे; मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये, जमिनीवरही सोडू नये: ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते आणि आपल्याकडे गाडीखाली कुत्री-मांजरे निजतात. जुने पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमवर चरे पाडू नयेत. ओ-रिंग (रबरी कडी) असेल तिथे वर सिलिकॉन थापू नये. जास्तीचा सिलिकॉन सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच पीळ पुरतो. नेमका आकडा त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा आणि बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे आवळावेत.

पूर्वी पंपाची किट मिळे. कारागीर जुन्याच कवचात नवे बेअरिंग आणि सील दाबून बसवत. आता बहुतेक गाड्यांचा पंप अख्खाच बदलतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत काढलेल्या गाड्यांचे दरवाजे, दिवे जरूर घ्यावेत, पंप नाही. पडून राहिलेले सील कोरडे झालेले असते आणि ते बाहेरून कळत नाही.

कूलंट भरल्यावर हवा काढणे हा कामाचा अर्धा भाग. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम वारा येऊ लागला की द्रव फिरू लागला असे धरायला हरकत नाही. नव्या सीलच्या कड्या एकमेकींवर बसेपर्यंत भोकातून एखाददुसरा थेंब येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी पुन्हा पाहावी. आत अडकलेली हवा बाहेर पडून ती थोडी खाली गेलेली असते.