कूर्स फील्ड

कूर्स फील्ड हे अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरातले बेसबॉलचे मैदान असून, 1995 पासून कोलोरॅडो रॉकीज या संघाचे ते घरचे मैदान आहे. वरच्या सज्जातील विसावी रांग समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे 5,280 फूट उंचीवर येते आणि हिरव्या खुर्च्यांमध्ये तेवढी एकच रांग जांभळी ठेवलेली आहे. मैदानाची रचना व हवामान यांचा चेंडूफेकीवर आणि फलंदाजीवर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी याहून ठळक उदाहरण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत, नाही.

या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे 82 टक्केच भरते. हवेचा अडथळा कमी झाल्यामुळे एरवी 400 फुटांवर पडणारा फटका येथे किमान 20 फूट पुढे जातो. कूर्स फील्डची ओळख बहुधा एवढ्यावरच संपवली जाते. पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, खरे नुकसान मात्र फटका बसण्यापूर्वीच झालेले असते. क्रिकेटमध्ये टप्पा पडल्यावर खेळपट्टी चेंडू वळवते. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता फलंदाजापर्यंत पोहोचत असल्याने, फिरकीमुळे जी काही वळणे मिळायची ती 60 फूट 6 इंचांच्या अंतरात हवेकडूनच मिळावी लागतात. फिरता चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट दिशेने रेटते. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. हवा विरळ झाली की हा रेटाही त्याच प्रमाणात उणावतो आणि वळण जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटते. गुडघ्याखाली बुडायला हवा तो कर्व्हबॉल, म्हणजे फिरकीमुळे खाली वळणारा चेंडू, मग चार बोटे वरच राहतो आणि नेमका बॅटच्या टप्प्यात सापडतो. वेगवान चेंडूचा वेग येथे किंचित कमी घटतो हे खरे, परंतु उलट्या फिरकीमुळे त्याला मिळणारी उचलही कमी होत असल्याने पिचरला त्याचा फारसा लाभ होत नाही.

होम रनचा, म्हणजे कुंपणापलीकडे जाणाऱ्या फटक्यांचा, पूर येणार हे ओळखूनच रचनाकारांनी कुंपण दूर नेले. डाव्या टोकाला 347 फूट, मध्यभागी 415 फूट आणि उजव्या टोकाला 350 फूट अशी त्याची अंतरे आहेत. या उपायातून दुसरीच अडचण उभी राहिली. राखायचे आवार एवढे विस्तीर्ण झाले की तीन आउटफिल्डरना, म्हणजे दूरच्या क्षेत्ररक्षकांना, मागे सरकून उभे राहावे लागते आणि त्यांच्यापुढे पडणारे साधे फटके सुटतात, तर त्यांच्या मधून गेलेला चेंडू कुंपणापर्यंत धावतो व फलंदाज दुसरा किंवा तिसरा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठतो. आजही या मैदानाचे वेगळेपण होम रनइतकेच या दुहेरी-तिहेरी फटक्यांत आहे, असे म्हणणे योग्य ठरेल.

डेन्व्हरच्या उंचीइतकाच तिथल्या हवामानाचा कोरडेपणाही महत्त्वाचा आहे. कोरड्या हवेत चेंडूतील लोकर व कातडे सुकते, चेंडू हलका व टणक होतो, बॅटवरून अधिक जोराने उसळतो आणि पिचरच्या बोटांना गुळगुळीत लागतो. 1999 च्या हंगामात येथे 303 होम रन झाले. एका हंगामात एका मैदानावर झालेला हा विक्रम आहे. मैदानावरच्या एका इलेक्ट्रिशियनला शिकारीचे आपले कातडी बूट सुकून आखडल्याचे जाणवले आणि चेंडूंचेही असेच होत असेल, हा त्याचा तर्क अचूक ठरला. 2002 पासून चेंडू 50 टक्के सापेक्ष आर्द्रता राखणाऱ्या बंद खोलीत, म्हणजे ह्युमिडॉरमध्ये, ठेवले जाऊ लागले आणि होम रन जवळपास चतुर्थांशाने घटले. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: दमट हवा कोरड्या हवेपेक्षा जड नसून किंचित हलकीच असते, ह्युमिडॉरचा परिणाम हवेवर नव्हे, तर चेंडूवर होतो. 2022 पासून मेजर लीगच्या सर्व 30 मैदानांवर ह्युमिडॉर वापरला जातो.

ह्युमिडॉरच्या आधीच्या त्या काळातच, 17 सप्टेंबर 1996 रोजी, लॉस एंजेलिस डॉजर्सचा जपानी पिचर हिदेओ नोमो याने येथे एकही हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारा फटका) न देता सामना 9-0 असा जिंकून दिला. पावसामुळे सामना सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला होता आणि चेंडूफेकीचा उंचवटा निसरडा असल्याने त्याने आपली प्रसिद्ध लांबलचक, पाठ वळवून घेण्याची शैली बाजूला ठेवून आखडत्या पवित्र्यातून चेंडू टाकले. या मैदानाच्या इतिहासातील ही अत्यंत मोलाची कामगिरी होय.

फलंदाजांनाही या हवेची किंमत मोजावी लागते. घरी कमी वळणारे चेंडू पाहण्याची सवय जडलेल्या नजरेला बाहेरच्या मैदानांवर तोच चेंडू अधिक बुडताना दिसतो. शिवाय घरच्या धावांकडे संशयाने पाहिले जाते. रॉकीजचा फलंदाज लॅरी वॉकर याने 1997 मध्ये मारलेल्या 49 होम रनपैकी 29 परक्या मैदानांवरचे होते, तरीही कूर्स फील्डवरील त्याच्या .381 या फलंदाजी सरासरीचा (फलंदाजीच्या संधींमागे हिटचे प्रमाण) दाखला देत त्याच्या योग्यतेवर वर्षानुवर्षे शंका घेतली गेली. बेसबॉलमधील सर्वोच्च सन्मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड 2020 मध्ये, मतदानातील त्याच्या दहाव्या आणि शेवटच्या संधीला झाली.