एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक

२००८-०९ च्या सुमारास फोल्डिंग अ‍ॅट होम या प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाला आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देणाऱ्या मंडळींमध्ये एक युक्ती पसरली. घरच्या संगणकावर विंडोज असायचं. त्यावर व्हीएमवेअर प्लेअर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकायचा, त्याच्या आत लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका कार्यप्रणालीवर, चालणारा एक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उभा करायचा आणि प्रकल्पाचं गणित या आतल्या संगणकाकडे सोपवायचं. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, तरी दिवसाकाठी होणारं काम वाढायचं.

हिशोब उलटा वाटतो. पोटभाडेकरू ठेवल्याने घराचं क्षेत्रफळ वाढत नाही, उलट थोडी जागा अडते. आभासी संगणकाचंही तसंच आहे. इंटेल आणि एएमडी यांनी २००५-०६ पासून प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली, त्यामुळे आतल्या प्रोग्रॅमच्या बेरजा-गुणाकार थेट खऱ्या प्रोसेसरवर होतात, मध्ये कुणी दुभाषा नसतो. डिस्क, नेटवर्क, मेमरीची वाटणी अशा कामांत मात्र बाहेरच्या व्यवस्थेला हात घालावा लागतो आणि तिथे थोडा वेळ जातोच. म्हणजे आभासी संगणकाने वेग फार तर टिकावा, वाढू नये. मग तो वाढला कसा?

त्यासाठी काम कोणत्या जातीचं होतं ते बघावं लागतं. परग्रहावरच्या जीवांचे संकेत शोधण्यासाठी १९९९ साली बर्कलीहून सुरू झालेल्या सेटी अ‍ॅट होमचं काम ज्वारीच्या काढणीसारखं होतं. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचे १०७ सेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा. शेजारच्या पट्ट्यातल्या माणसाची काढणी झाली की नाही, याची वाट कुणी बघत नाही. लाख माणसं आली तर लाख तुकडे एकाच वेळी होतात.

फोल्डिंग अ‍ॅट होमचं काम पैठणी विणण्यासारखं आहे. विजय पांडे यांनी ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्डहून हा प्रकल्प सुरू केला. प्रथिनाची लांब साखळी घडी घालून आपला आकार कसा घेते, हे अणूंच्या पातळीवर गणिताने बघायचं. त्यासाठी प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, अणू किंचित हलवायचे, पुन्हा बल काढायचं. एका पावलात साधारण २ फेम्टोसेकंद सरतात; फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा शंभर कोटीवा भाग. प्रथिनाच्या आयुष्यातला एक मायक्रोसेकंद बघायचा तर ५० कोटी पावलं टाकावी लागतात, आणि मागचा धागा बसल्याशिवाय पुढचा घालता येत नाही. एकाच प्रथिनाच्या शेकडो हालचाली वेगवेगळ्या घरांत एकाच वेळी चालवता येतात, ही पांडे यांच्या गटाची मोठी कल्पना होती. पण त्यातली प्रत्येक साखळी स्वतःपुरती क्रमानेच वाढते. एका घरून तुकडा परत आला की त्याच्या शेवटच्या स्थितीतून पुढचा तुकडा तयार होतो. कुणी चार दिवस उशीर केला तर ती साखळी चार दिवस तिथेच थांबते.

चार कोअरचे, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे चार भाग असलेले, प्रोसेसर घरोघरी आल्यावर साहजिकच एकाच मागावर चौघांना बसवायचा विचार झाला. चारही कोअरनी मिळून एकच तुकडा करायचा. यात मेख अशी की प्रत्येक पावलानंतर चौघांना एकमेकांशी बोलावं लागतं, कारण माझ्या वाटणीतला अणू तुझ्या वाटणीतल्या अणूला ढकलत असतो. हे बोलणं एमपीआय नावाच्या व्यवस्थेतून चालायचं. ती मुळात वेगवेगळ्या यंत्रांना जोडून केलेल्या महासंगणकांसाठी घडलेली. विंडोजवरची तिची आवृत्ती घरच्या संगणकावर इतकी अवघडून चालायची की एकाच डब्यातल्या चार कोअरचं संभाषण नेटवर्कची जोडणी तुटली की कोलमडायचं. लिनक्सवर हे सगळं बरंच सुरळीत होतं. शिवाय कामाची वाटणी सुधारलेला नवा गणनसंच, ज्याला स्वयंसेवक ए२ कोअर म्हणत, लिनक्स आणि मॅकसाठी आला, विंडोजसाठी आलाच नाही.

वेगाचं उत्तर इथे आहे. आभासी संगणकाने प्रोसेसरला एक गुणाकारही जास्त करायला लावला नाही. त्याने विंडोजच्या घरात लिनक्सची एक खोली उघडली, आणि त्या खोलीत चांगला प्रोग्रॅम चालत होता. आभासीकरणात जे गेलं, त्याहून चांगल्या प्रोग्रॅमने जास्त परत दिलं.

माझ्या मते या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग याच्या पुढचा आहे. त्या वेळी व्हीएमवेअर प्लेअर एका आभासी संगणकाला २ पेक्षा जास्त प्रोसेसर देत नसे. त्यामुळे चार कोअर असलेले लोक दोन आभासी संगणक चालवत आणि दोन तुकडे शेजारी-शेजारी करत. दिवसाचं एकूण काम वाढायचं, पण प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला दोनच कोअर यायचे आणि तो उशिरा परत जायचा. केलेल्या कामाबद्दल मिळणारे गुण स्वयंसेवकाच्या खात्यात जमत होते, प्रथिनाची साखळी मात्र ताटकळत होती. ‘जलद’ या शब्दाचे दोन अर्थ इथे एकमेकांना भिडतात: दिवसात किती झालं, आणि एक काम किती लवकर झालं. संशोधकांना दुसरा हवा होता.

२०१० मध्ये त्यांनी दोन्ही टोकं जुळवली. ए३ कोअर या नव्या गणनसंचाने एमपीआय सोडून थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे एकत्र चालणारे धागे, वापरले आणि तो विंडोजवरही नीट चालू लागला. त्याच्याबरोबर गुण देण्याची पद्धत बदलली: तुकडा जितक्या लवकर परत येईल तितका जास्त बोनस, वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट वेगाने परत केलेल्या तुकड्याला दुप्पट गुण, आणि दिवसात असे चौपट तुकडे होतात, म्हणजे दिवसाची कमाई आठपट. दोन आभासी संगणकांत कोअर वाटून घेण्यात आता तोटाच होता. काही वर्षं उपयोगी पडलेली ती युक्ती तिथेच मागे पडली.

आभासी संगणक मात्र स्वयंसेवी गणनेतून गेला नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत त्याला वेगळंच काम मिळालं. तिथल्या एलएचसी अ‍ॅट होमची सुरुवात २००४ ची. त्यातला सिक्सट्रॅक हा प्रोग्रॅम एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात फिरणाऱ्या कणांची वाट काढायचा. तो आटोपशीर होता, म्हणून विंडोजसाठी वेगळा बांधता आला. प्रयोगांचं मुख्य सॉफ्टवेअर तसं नव्हतं. लाखो ओळींचं, सर्नच्या ठरावीक लिनक्सवर वाढलेलं आणि सतत बदलणारं. ते विंडोजसाठी पुन्हा बांधायला घेतलं असतं तर हातातली आवृत्ती तयार होईपर्यंत जुनी झाली असती.

म्हणून २०११ मध्ये टेस्टफोरथिअरी सुरू झालं तेव्हा सर्नने आपला संगणकच घरोघरी पाठवला. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएमवेअर प्लेअरसारख्याच प्रोग्रॅमच्या आत सर्नव्हीएम नावाचं लहानसं लिनक्स उठतं आणि लागतील तेवढ्याच फायली नेटवरून ओढून घेतं. अख्खं कोठार उतरवावं लागत नाही. मग आत कणांच्या आभासी टकरी होतात आणि त्यांचे आकडे प्रयोगात मिळालेल्या आकड्यांशी ताडून पाहिले जातात. यात वाचतो तो शास्त्रज्ञाचा वेळ, आणि त्याचं मोल मला प्रोसेसरच्या वेळेहून जास्त वाटतं. आणखी एक सोय आहे. आतला संगणक आहे त्या स्थितीत गोठवून डिस्कवर ठेवता येतो. वीज गेली तर शेवटच्या गोठवलेल्या क्षणापासून काम पुढे चालू होतं, आणि त्यासाठी मूळ प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही.

हे काम घरी करून बघायचं असेल तर आधी बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, आभासीकरण चालू आहे का ते तपासा. बऱ्याच संगणकांवर ते बंद असतं, आणि मग सर्नची आभासी संगणकातली कामं सुरूच होत नाहीत. दुसरी अडचण मेमरीची. आतला संगणक आपल्या वाट्याची मेमरी धरून बसतो, त्यामुळे कोअर आठ असले तरी मेमरी बघूनच किती कामं घ्यायची ते ठरवावं. आणि घरी लिनक्सच असेल तर सर्नच्या अ‍ॅटलास प्रयोगाची कामं आभासी संगणकाशिवाय थेट चालवता येतात. तेव्हा पोटभाडेकरू नसतो आणि त्याने अडवलेली मेमरीही मोकळी राहते.