अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-पेशी लिम्फोमातील त्वचाविकार

अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-पेशी लिम्फोमा (एआयटीएल) हा लसीका ग्रंथींचा विरळा कर्करोग असून बहुधा साठीच्या पुढे दिसतो. यातील सुमारे निम्म्या रुग्णांच्या त्वचेवर केव्हा ना केव्हा पुरळ उठते, पुष्कळदा निदान होण्याच्या आधीच. फ्रिझेरा, मोरान आणि रॅपापोर्ट यांनी १९७४ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा तो कर्करोग नसून प्रतिकारयंत्रणेची बेताल प्रतिक्रिया आहे असे मानले जाई. ते मत मागे पडले, पण पुरळाकडे पाहिले की ते का रुजले असावे हे कळते. आजार ज्या टी-फॉलिक्युलर हेल्पर पेशीत सुरू होतो, तिचे मूळ काम प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना चिथावणे हेच आहे.

स्वरूप. नेहमी आढळते ते गोवरासारखे पुरळ: छाती, पाठ व दंडांवर काही मिलिमीटरचे लालसर, किंचित उंचवट्याचे, खाजरे ठिपके. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लाली लपते. तेथे बोटांना लागणारा खडबडीतपणा जास्त खरा. काहींना पित्ताच्या गांधी उठतात, काहींच्या पायांवर रक्ताळ ठिपके येतात. घट्ट गाठी, चट्टे किंवा सर्वांग लाल होऊन सोलवटणे क्वचित. ज्या गाठीवर व्रण पडतो तिथे एप्स्टाइन-बार विषाणूने बाधित बी-पेशींचा वेगळा लिम्फोमा उद्भवला आहे का, हे पाहावे लागते.

चकवा. घटनाक्रम बहुधा असा: ताप येतो, प्रतिजैविक दिले जाते, काही दिवसांत पुरळ उठते आणि कागदावर ‘औषधाची ॲलर्जी’ असे लिहिले जाते. यात अर्धे तथ्यही असते, कारण या रुग्णांत औषधांना प्रतिक्रिया खरोखरच लवकर येते. मग स्टेरॉइड दिल्यावर पुरळही मावळते आणि सुजलेल्या लसीका ग्रंथींच्या गाठीही बसतात. औषध थांबवताच दोन्ही परततात. अशा बसलेल्या गाठीची बायोप्सी पुष्कळदा निरुपयोगी ठरते, म्हणून रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल तर आधी बायोप्सी, मग स्टेरॉइड. ड्रेस ही औषध-प्रतिक्रिया तर ताप, गाठी आणि वाढलेल्या इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींसह हुबेहूब अशीच दिसते. ती साधारणपणे औषध सुरू केल्यापासून २ ते ८ आठवड्यांत येते. औषध बंद करून पुरेसा काळ लोटला तरी मान, काख आणि जांघेतील गाठी टिकून असतील, वजन घटत असेल, प्लीहा हाताला लागत असेल, कूम्ब्ज चाचणी (तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे शोधणारी) सकारात्मक असेल किंवा गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातील प्रतिपिंड-प्रथिने, सर्वच प्रकारांत वाढले असेल, तर ॲलर्जीचे निदान पुन्हा तपासावे.

त्वचेची बायोप्सी. नवा, न खाजवलेला व शक्यतो धडावरचा डाग निवडावा. पायांवर रक्त साचल्याने होणारे बदल गोंधळात टाकतात. पंच, म्हणजे त्वचेचा गोल तुकडा कापणारे पाते, किमान ४ मिलिमीटरचा हवा. नमुना दोन ठिकाणांहून घेतलेला बरा. तो १० टक्के बफरयुक्त फॉर्मेलिनमध्ये ठेवावा. बफर नसलेल्या आम्लधर्मी फॉर्मेलिनमध्ये डीएनए तुटतो आणि पुढची जनुकीय तपासणी फसते.

सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेकदा वरच्या थरातील रक्तवाहिन्यांभोवती विरळ लिम्फोसाइट, मधूनमधून इओसिनोफिल आणि फुगलेल्या अस्तराच्या केशवाहिन्या एवढेच दिसते. ‘अविशिष्ट दाह’ असा अहवाल त्यामुळे चुकीचा नसतो, अपुरा असतो. पीडी-१, सीएक्ससीएल-१३, आयकॉस, बीसीएल-६ आणि सीडी-१० या टी-फॉलिक्युलर हेल्पर पेशीच्या खुणांची रंजके लावल्यावर चित्र उघडते. त्यांतही पीडी-१ एकटे पुरेसे नाही, साध्या दाहातील पेशीही ते दाखवतात. उलट चेहऱ्या-मानेवरच्या एकाच गाठीत हीच चिन्हे दिसली आणि इतरत्र काहीच नसेल, तर तो सहसा त्वचेपुरताच मर्यादित, सीडी-४ प्रकारच्या टी-पेशींचा सौम्य विकार असतो.

त्वचा व ग्रंथी या दोन्हींत टी-पेशी ग्राहकाच्या जनुकाची एकच पुनर्रचना सापडणे, म्हणजे दोन्हीकडच्या पेशी एकाच मूळ पेशीपासून आल्याची खूण, हा भक्कम पुरावा. आरएचओए जनुकातील जी१७व्ही बदलही तसाच उपयोगी. टीईटी२ किंवा डीएनएमटी३ए यांतील बदलांवर मात्र विसंबू नये. ते उतारवयात लिम्फोमा नसलेल्यांच्या रक्तातही आढळतात.

निश्चित निदान ग्रंथीवरच होते आणि त्यासाठी अख्खी ग्रंथी काढावी. बारीक सुईने ओढलेल्या पेशींत रचना दिसत नाही, आणि या आजारात फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या व त्यांभोवतीची विस्कटलेली चौकट पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

उपचार. त्वचेवर लावायची स्टेरॉइड मलमे खाज कमी करतात, इतकेच. पुरळ खऱ्या अर्थाने ओसरते ते लिम्फोमाच्या उपचाराने, म्हणजे सीएचओपी (चार औषधांचा संच) किंवा तत्सम केमोथेरपीने. निवडक रुग्णांत त्यानंतर स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण केले जाते. उपचारांनंतर पुरळ पुन्हा उठल्यास नव्या औषधांची यादी आणि काखेतील गाठी, दोन्ही त्याच भेटीत तपासाव्यात.