साखर, पोटाचा घेर आणि हृदय

टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूच्या कारणांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार फार वरच्या स्थानी आहेत. तरीही आपल्या घरांत ‘साखर किती आली?’ हे जितक्या काळजीने विचारले जाते, तितक्या काळजीने रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा कंबरेचा घेर यांची विचारपूस होत नाही. लठ्ठपणा आणि मधुमेह बहुतेकदा एकाच शरीरात नांदतात आणि हृदयाला दोघांचा भार एकदमच सोसावा लागतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून रहिवाशांच्या हृदयाची पाहणी चालू आहे. मधुमेहामुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, हे तिथल्या नोंदींवरून १९७९ साली मांडले गेले; १९८३ मध्ये, २६ वर्षांच्या नोंदी तपासून, लठ्ठपणा हाही स्वतंत्रपणे धोका वाढवतो असे दाखवण्यात आले. मधुमेहाने वाढणारा धोका स्त्रियांमध्ये तुलनेने अधिक असतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही, असे मला वाटते.

हे दोन विकार एकमेकांना बळ कसे देतात, हे समजून घेण्यासाठी पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीकडे पाहावे लागते. त्वचेखालची चरबी त्या मानाने शांत असते. पोटातली चरबी मात्र सतत मेदाम्ले सोडत राहते आणि त्यांतली बरीचशी थेट यकृताकडे जातात. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनला नीट दाद देत नाही, गरज नसतानाही साखर तयार करते आणि रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी ओतत राहते. त्याच ओघात ‘चांगले’ कोलेस्टेरॉल घटते आणि ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण लहान व घट्ट होऊन धमन्यांच्या अस्तरात सहज शिरू लागतात. याच चरबीतून सूज वाढवणारी रसायनेही पाझरतात. वाढलेली साखर धमन्यांचे अस्तर आधीच दुबळे करत असते, आणि वाढलेल्या वजनामुळे हृदयाला अधिक रक्त अधिक दाबाने ढकलावे लागते. म्हणून अशा रुग्णांत केवळ हृदयविकाराचा झटकाच येतो असे नाही, तर हृदयाचा स्नायू जाड व ताठर होऊन हृदय हळूहळू निकामीही होऊ शकते. त्यातच मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील, तर छातीत न दुखताच झटका येऊन जातो.

मग यांपैकी एकालाच आवर घातला तर? अमेरिका व कॅनडातील ‘अ‍ॅकॉर्ड’ या चाचणीत १० हजारांहून अधिक मधुमेहींपैकी निम्म्यांची साखर औषधांनी अतिशय काटेकोरपणे खाली आणली गेली. त्या गटात २५७ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात २०३, त्यामुळे २००८ मध्ये तो उपचार थांबवावा लागला. ‘लुक अहेड’ या दुसऱ्या चाचणीत वजन जास्त असलेल्या ५,१४५ मधुमेहींपैकी एका गटाचे वजन आहार आणि व्यायामाने घटवण्यात आले. त्यांची साखर सुधारली, हालचाल सुधारली. पण झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत, आणि २०१२ मध्ये तीही आवरती घेतली गेली. वजन घटवणे व्यर्थ आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. एकट्या वजनावर सारी भिस्त ठेवता येत नाही, इतकाच काढतो.

डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ चाचणी आकाराने लहान, अवघ्या १६० रुग्णांची. तिथे साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सगळ्यांवर एकाच वेळी, सुमारे ८ वर्षे काम केले गेले, तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका निम्म्याहून खाली आला. २१ वर्षांनंतरच्या पाहणीत हे रुग्ण नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा जवळपास ८ वर्षे अधिक जगल्याचे दिसले. पुढे २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाने, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींमधील हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केल्याचे सिद्ध झाले. साखर त्यामुळे फारशी उतरली नव्हती, हे त्यात विशेष.

आपल्यासाठी यात आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही धोक्याची चरबी लपलेली असू शकते आणि वजनकाटा ती दाखवत नाही. भारतीयांसाठी लठ्ठपणाची सीमा बीएमआय २५ ला, आणि कंबरेची पुरुषांत ९० तर स्त्रियांत ८० सेंटिमीटरला धरतात ती म्हणूनच. कंबर मोजताना टेप पँटच्या पट्ट्यावरून न धरता शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न घेता धरावी.