गायीच्या दुधाची फॅट: दराच्या वादामागची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडे डेअरीवर दूध घातलं की हातात पावती पडते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधात उरणारे प्रथिनं, साखर, क्षार असे घन पदार्थ) आणि दर, बस. अनुदान आलं, गेलं, रस्त्यावर दूध ओतून झालं, तरी भांडण फिरून या मधल्या दोन आकड्यांपाशीच येतं. ‘फॅट लागली नाही’ या तीन शब्दांवर महिन्याचा हिशोब कोलमडतो.

फॅट म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. दुधातल्या स्निग्धांशात साधारण ९८ टक्के ट्रायग्लिसराइड असतात, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. उरलेल्यात फॉस्फोलिपिड, थोडं कोलेस्टेरॉल आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं. हा सगळा ऐवज सरासरी तीन-चार मायक्रॉनच्या थेंबांत असतो. प्रत्येक थेंबावर फॉस्फोलिपिडचं पातळ आवरण असतं. तेही गायीच्या कासेतल्या पेशींनी थेंब बाहेर सोडताना स्वतःच्या पटलातून दिलेलं. फॉस्फोलिपिडचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. म्हणून दुधातली फॅट लगेच वेगळी होत नाही. साय घुसळली की हे आवरण फाटतं, थेंब एकमेकांना बिलगतात आणि लोणी येतं. गायीच्या तुपाचा पिवळेपणा कॅरोटीनचा. म्हैस जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. चवीत मात्र दोन्हीकडे ब्युटिरिक आम्लाचा हात असतो. चार कार्बनचं हे आखूड मेदाम्ल रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचं खास लक्षण.

स्निग्ध पदार्थ फोडला की ग्लिसरॉल आणि मेदाम्लं मिळतात, हे एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ पर्यंत नीट मांडलं होतं. दुधाच्या व्यापाराला त्याचं फारसं देणंघेणं नव्हतं. व्यापाराला हवी होती झटपट चाचणी, आणि ती १८९० च्या सुमारास आली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एक पद्धत निघाली, पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये दुसरी. आपल्याकडे रुळली ती स्विस पद्धत. ब्युटिरोमीटर नावाच्या रेघा आखलेल्या काचेच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, त्यावर हलक्या हाताने १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. आम्ल प्रथिनं विरघळवतं, थेंबांचं आवरण मोडतं, नळी हाताला चटका बसण्याइतकी तापते. मग यंत्रात गरगर फिरवली की पिवळसर फॅट वर येते आणि नळीवरच्या रेघांवर थेट वाचता येते. दुधाचा भाव फॅटवर ठरू लागला तो याच काळात. तेव्हा विकला जाणारा माल लोणी होता आणि मोजता येणारी गोष्ट फॅट होती. प्रथिनं मोजायला वेळ आणि प्रयोगशाळा लागायची. सोयीचं माप दराचं माप झालं, आणि आजही तेच चालू आहे.

आपल्या भागात म्हैस घराला आणि खिलार शेतीला, अशी जुनी वाटणी. खिलार गायीचं दूध वासरापुरतंच. १९७० नंतर धवल क्रांतीच्या काळात होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरित गायी आल्या आणि चित्र पालटलं. दूध भरपूर, पण पातळ. नुसत्या फॅटवर दर दिला तर ७ फॅटच्या (म्हणजे ७ टक्के) म्हशीपुढे ३.५ फॅटच्या गायीला निम्मेच पैसे मिळतात, आणि एसएनएफ मात्र दोघींचं ९ आणि ८.५, म्हणजे फार फरक नाही. म्हणून फॅट आणि एसएनएफ दोन्हींवर दर देण्याची पद्धत आली. तिच्या मूळ मांडणीत किलोभर एसएनएफची किंमत किलोभर फॅटच्या दोन तृतीयांश धरली होती. गायवाल्यांना हा मोठा आधार होता, हे मान्य करायलाच हवं.

गुंता मात्र इथूनच सुरू होतो. एसएनएफ बहुतेक ठिकाणी थेट मोजलंच जात नव्हतं, ते काढलं जायचं. लॅक्टोमीटरची, म्हणजे दुधाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या मापाची, डिग्री भागिले चार, त्यात फॅटचा काही भाग, वर एक ठरावीक आकडा. फॅट पाण्यापेक्षा हलकी, ती डिग्री खाली ओढते, म्हणून सूत्रात ती भर घालावी लागते. पण भर किती? दुग्धशास्त्राच्या पुस्तकांत एके ठिकाणी फॅटच्या ०.२५ पट अधिक ०.४४ दिसतं, दुसरीकडे ०.२१ पट अधिक ०.३६. २८ डिग्री आणि ३.५ फॅटचं दूध घ्या. पहिल्या सूत्राने एसएनएफ ८.३ येतं, दुसऱ्याने ८.१. दूध तेच, गाय तीच, आणि दोन पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.१) गायब. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलेला, यावर सूत्र ठरतं हे खरं, पण पावतीवर सूत्र छापलेलं कुणी पाहिलंय? आता संकलन केंद्रावर मिल्कोमीटर आहे. तो ध्वनिलहरींवरून काही सेकंदांत दोन्ही आकडे देतो, पण त्यालाही कुणीतरी जुळवावंच लागतं.

याच्याच जोडीला पायाभूत दराचा वाद. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचं कायदेशीर किमान प्रमाण पूर्वी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ होतं. पुढे अन्नसुरक्षा नियमांत देशभरासाठी ते ३.२ आणि ८.३ झालं. दर मात्र ३.५/८.५ लाच बोलला जात राहिला. जुलै २०२३ मध्ये राज्याने लिटरला किमान ३४ रुपये ठरवले तेही याच गुणवत्तेला. खाली उतरणाऱ्या प्रत्येक पॉइंटला कपात. किमान दर जाहीर झाल्यावर पॉइंटची कपात वाढवली गेली, ही शेतकऱ्यांची तक्रार तेव्हापासूनची आहे. कायद्याला जे दूध चोख, ते दराला कमअस्सल कसं, याचं सरळ उत्तर अजून मिळालेलं नाही. ‘जास्त फॅटला जास्त दर मिळतोच की’ हा डेअरीवाल्यांचा युक्तिवाद कागदावर बरोबर आहे. संकरित गायीला तिथवर चढणं किती अवघड, हे गोठ्यात कळतं.

कारण फॅट ठरते ती गायीच्या पोटात. चाऱ्यातल्या तंतूंपासून कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जिवाणू ॲसिटिक आम्ल तयार करतात आणि कास त्यातून आखूड ते मध्यम लांबीची मेदाम्लं घडवते. कडबा कमी आणि खुराक जास्त झाला की जिवाणूंचा कारभार बिघडतो. वनस्पतिजन्य तेलांवर त्यांची प्रक्रिया वेगळ्या वाटेने होते आणि एक विशिष्ट ट्रान्स मेदाम्ल तयार होतं. ते कासेत पोचून फॅट बनवणारी यंत्रणाच दाबून टाकतं. दूध तेवढंच, फॅट एकदम खाली. हे कोडं एकोणिसाव्या शतकापासून लोकांना ठाऊक होतं, त्या मेदाम्लाचा माग लागला तो २००० च्या आसपास. शिवाय धारेची वेळही महत्त्वाची. सुरुवातीच्या धारा पातळ, शेवटच्या सगळ्यात घट्ट. शेवटची धार वासराला सोडली की किटलीतली फॅट घसरते.

यावर उपाय म्हणून बायपास फॅट आली. पाम तेलाच्या मेदाम्लांचा कॅल्शियमशी केलेला हा साबणच. कोठीपोटात तो फुटत नाही, पुढे आम्लात फुटतो, म्हणून जिवाणूंना न बिघडवता गायीला मेद मिळतो. त्याचं पोतं अनेक गावांत डेअरीवरच उधारीवर मिळतं आणि पैसे दहा दिवसांच्या बिलातून वळते होतात.