स्थानिक ब्लॉकचेन चाचणी नेटवर्क

विकसकाच्या स्वतःच्या संगणकावर चालणारी, मुख्य साखळीपासून वेगळी ब्लॉकचेन. नियम मुख्य साखळीचेच असतात, मात्र नाण्यांना किंमत नसते आणि ब्लॉकसाठी, म्हणजे व्यवहारांच्या पुढच्या गठ्ठ्यासाठी, थांबावे लागत नाही.

इथेरियमसाठी सध्या अ‍ॅनव्हिल आणि हार्डहॅट ही साधने वापरतात. पूर्वीच्या गनाशची देखभाल २०२३ मध्ये थांबली. अ‍ॅनव्हिल सुरू करताच १० खाती मिळतात, प्रत्येकात १०,००० इथर. साखळीचा क्रमांक ३१३३७, पोर्ट ८५४५. या खात्यांच्या प्रायव्हेट की (खात्यातून खर्च करण्याच्या गुप्त किल्ल्या) एका जाहीर शब्दमालेतून निघतात, म्हणजे त्या सर्वांना ठाऊक आहेत. मुख्य साखळीवर त्या पत्त्यांवर चुकूनही पैसे पाठवू नयेत. कोणीही ते काढून घेऊ शकतो.

बिटकॉइनमध्ये हेच काम रेगटेस्ट करते. तिथे ब्लॉक मागितल्यावरच तयार होतो. ब्लॉक काढणाऱ्याला मिळणारे बक्षीस आणखी १०० ब्लॉक होईपर्यंत खर्चता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १०१ ब्लॉक काढतात. मग पहिले ५० बिटकॉइन वापरता येतात. शुल्काचा अंदाज बांधायला व्यवहारांचा इतिहास नसल्याने पाठवणी अडते. पर्यायी शुल्कदर सेटिंगमध्ये आधीच द्यावा.

सर्वाधिक गोंधळ अ‍ॅनव्हिल किंवा हार्डहॅटचा नोड (साखळी चालवणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू केल्यावर होतो. साखळी शून्यावर येते, पण वॉलेटला जुना नॉन्स (खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक) आठवत असतो. खात्याचा नॉन्स आता ०, वॉलेट पाठवते ७; व्यवहार नाकारला जातो किंवा नुसता अडकून राहतो. वॉलेटमधील त्या खात्याची व्यवहारनोंद पुसली की प्रश्न सुटतो. कॉन्ट्रॅक्टही (साखळीवर चालणारा कोड) पुन्हा डिप्लॉय करावे, म्हणजे साखळीवर चढवावे लागते, नाहीतर रिकाम्या पत्त्यावरून रिकामेच उत्तर येते आणि दोष कोडचा वाटतो. नोड डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) असेल तर तो ०.०.०.० वर ऐकता ठेवावा; १२७.०.०.१ वर ठेवल्यास कंटेनरबाहेरून जोडणी होत नाही.

मुदतीचे कुलूप (ठरलेल्या वेळेआधी व्यवहार होऊ न देणारी अट) तपासायला घड्याळ पुढे ढकलून एक ब्लॉक काढतात. चाचण्यांमध्ये साखळीच्या त्या क्षणीच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन मागे फिरता येते, पण एक स्नॅपशॉट एकदाच चालतो. मागे आल्यावर लगेच नवा घ्यावा.

सगळ्या चाचण्या हिरव्या दिसल्या तरी इथे गर्दी नसते, हे विसरू नये. अ‍ॅनव्हिल आणि हार्डहॅटच्या मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ब्लॉक तत्काळ मिळतो, त्यामुळे रांगेत पुढे घुसणारे किंवा ताटकळलेले व्यवहार दिसतच नाहीत. ब्लॉकमध्ये १२ सेकंदांचे अंतर ठेवले की ‘व्यवहार प्रलंबित’ अवस्थेतले स्क्रीनवरचे दोष बाहेर पडतात. मुख्य साखळीची फोर्क (तिच्या स्थितीची स्थानिक प्रत) घेताना ब्लॉक क्रमांक ठरवून द्यावा, म्हणजे आजची चाचणी उद्याही तेच उत्तर देईल. जुन्या ब्लॉकसाठी मात्र आर्काइव्ह नोड (सगळी जुनी स्थिती जपणारा नोड) लागतो.