गाभास्थैर्य (पिलाटेस)

पाठीचा कणा व कटिभाग ताब्यात ठेवून हातपाय मोकळेपणाने हलवण्याची क्षमता. पिलाटेस या व्यायामपद्धतीचा हा पाया मानतात. व्यायामशाळांत ‘कोअर’ हाच शब्द रूढ आहे.

पद्धतीचे प्रवर्तक योझेफ पिलाटेस (१८८३–१९६७) हे जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाखचे. त्यांनी तिला ‘कंट्रोलॉजी’ असे नाव दिले होते. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरील नोकालो छावणीत स्थानबद्ध होते. तेथे रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी व्यायाम करवले आणि त्यातूनच ‘रिफॉर्मर’ हे सरकत्या फळीचे यंत्र जन्मले, असे सांगतात. ही हकीकत मुख्यतः नंतरच्या आठवणींवर आधारलेली आहे. यंत्राचे अमेरिकी पेटंट १९२७ चे असल्याने छावणीत फार तर बीज पडले व यंत्र पुढील दशकात घडले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले. तेथे नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत. एकाग्रता, नियंत्रण, केंद्र, ओघ, अचूकता व श्वसन ही त्यांच्या नावावर सांगितली जाणारी षट्सूत्री मात्र १९८० च्या सुमारास अनुयायांनी मांडली.

पिलाटेस परंपरेत धडाच्या मध्यभागाला ‘पॉवरहाऊस’ म्हणतात. गाभास्थैर्याचा आजचा अर्थ कण्याच्या जीवयांत्रिकीतून, म्हणजे त्यावरील बले व हालचाली यांच्या अभ्यासातून, आला. या विषयाचे संशोधक मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये स्थैर्याचे तीन घटक मानले : हाडे व अस्थिबंध, स्नायू, आणि त्यांना आज्ञा देणारी चेतासंस्था. गाभ्याची कल्पना डब्यासारखी केली जाते. वर मध्यपटल (छाती व पोट यांमधला श्वसनाचा स्नायू), खाली श्रोणितल (कटिभागाच्या तळाचे स्नायू), पुढे व बाजूंना उदराचा आडवा स्नायू, मागे मणक्यांलगतचे मल्टिफिडस स्नायू. हॉजेस व रिचर्डसन या संशोधकांना १९९६ मध्ये असे आढळले, की निरोगी माणसात हात उचलण्याआधीच हा आडवा स्नायू आकुंचन पावतो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो. ‘बेंबी कण्याकडे ओढा’ या सूचनेला त्यामुळे बळ मिळाले. कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांनी पोट आत ओढण्याऐवजी सर्व बाजूंनी ताठ करावे असे म्हटले, तर लेडरमन या अभ्यासकाने २०१० मध्ये गाभास्थैर्याच्या संकल्पनेवरच आक्षेप घेतला. एकाच स्नायूला सारे श्रेय देणे आता टिकत नाही. अनेक स्नायूंचा वेळेवर जुळलेला मेळ महत्त्वाचा, हे मत ग्राह्य वाटते.

स्थैर्य म्हणजे ताठरपणा नव्हे. ‘हंड्रेड’ या व्यायामात धड स्थिर ठेवून हात शंभर वेळा खालीवर हलवतात, पाच ठोके श्वास आत, पाच बाहेर. याउलट ‘रोल-अप’मध्ये उताणे पडलेल्याने कणा एकेक मणका उलगडत उचलायचा असतो. पहिल्यात गाभा हालचाल रोखतो, दुसऱ्यात तिला वळण देतो. संतुलित हालचाल ती हीच. पाठ चटईला पूर्ण टेकवावी, हा मूळ दंडक. आजचे बहुतेक शिक्षक कमरेचा नैसर्गिक बाक राखायला सांगतात. अमेरिकी न्यायालयाने २००० मध्ये ‘पिलाटेस’ हे नाव सर्वसामान्य, म्हणजे कोणा एकाच्या मालकीचे नसलेले, ठरवल्याने कोणतीही एक शिकवण बंधनकारक राहिलेली नाही.

कंबरदुखीसंबंधीच्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) १० चाचण्या व ५१० रुग्ण होते. किमान उपचारांपेक्षा पिलाटेसने वेदना कमी झाल्या. इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही.